कोरड्या सालातली बेस गिटार

एप्रिल अर्ध्यावर आला की आमच्या खिडकीच्या काचा वाजायला लागतात. नांदेडात आता जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर येतात, आणि ट्रक चौकात असतानाच आमच्या स्वयंपाकघरातली भांडी त्याला साथ देऊ लागतात. शेजारचे जोशीकाका कानात कापूस घालून जिन्यात येतात आणि माझ्यावर डाफरतात, जणू ट्रक मीच बोलावला आहे. “मॅडम, तुमच्या लोकांना सांगा, तेवढा बेस कमी करा म्हणावं.” मी म्हणते, “काका, सांगते.” आणि आत येऊन हसते. मला छातीत दणका बसतो तेव्हा त्रासही होतो, नाही असं नाही. वय झालंय, रक्तदाबाची गोळी चालू आहे. पण बेस हा शब्द आज जोशीकाकांच्या तोंडी आहे, आणि एक काळ असा होता की अख्ख्या लातुरात तो शब्द माहीत असलेली माणसं बोटावर मोजावी लागली असती. त्यातला एक माझा दादा होता.

आमच्याकडं जयंती एका दिवसात उरकत नाही. एप्रिलच्या मध्याला सुरू झालेला हंगाम बुद्धपौर्णिमेपर्यंत आणि त्याही पुढं रेंगाळतो, कारण भीमगीतांची पार्टी एक आणि गावं खंडीभर. आज औसा, उद्या निलंग्याकडं, परवा अहमदपूरच्या डोंगरात. ज्या गावाला पार्टी ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी त्या गावची जयंती. आमच्या पार्टीचे मालक, गायक आणि पेटीवादक सगळं एकच माणूस होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. शिक्षक ते कधीच नव्हते. ढोलकीला त्यांचा मेव्हणा, कोरसला दोघं-तिघं, बाईच्या आवाजासाठी मी. मी तेव्हा डी.एड. करत होते आणि दादा सोबत आहे म्हणून मायनं मला जाऊ दिलं होतं.

दादा आधी खंजिरी वाजवायचा. एकदा नांदेडला एका मोठ्या लग्नात हैदराबादकडचा ऑर्केस्ट्रा आला होता, तो ऐकून आला आणि दोन दिवस धड जेवला नाही. मला म्हणाला, “छाये, त्यात एक गडी व्हता. कोपऱ्यात उभा. त्याच्याकडं कुनीच बघत नव्हतं. पर सगळं गानं त्याच्या अंगावर उभं व्हतं बघ.” मला काहीच कळलं नाही. पुढं वर्षभर सुट्टीच्या दिवशी मिळेल ते काम करून, मायला थापा मारून तो सिकंदराबादला गेला आणि एका हॉटेलातल्या बँडवाल्याकडून जुनी बेस गिटार घेऊन आला. तो बँडवाला दुबईला निघाला होता, म्हणून विकत होता. काय दिलं ते दादानं मायला कधी सांगितलं नाही, आणि मला माहीत असलं तरी मी इथं सांगणार नाही.

गिटार आली ती गोधडीत गुंडाळून, एस.टी.तून. कंडक्टरनं विचारलं, “प्रेत हाय का काय हे?” दादानं गोधडीचं तोंड उघडून दाखवलं. कंडक्टर म्हणाला, “मोठी सतार हाय की,” आणि तिचं अर्धं तिकीट फाडलं. घरी आल्यावर मास्तरांनी ती उलटसुलट करून पाहिली. चारच तारा, त्याही सुतळीएवढ्या जाड. “फसवलं तुला त्यानं. दोन तारा काढून घेतल्या न्हाईत का?” दादानं सांगितलं, हिला चारच असतात. मास्तरांनी एक तार छेडली, कान लावला आणि म्हणाले, “आवाज कुटं हाय?” बेस गिटारीचं हेच दुखणं. नुसती हातात घेऊन वाजवली तर डास गुणगुणल्यासारखी वाजते. तिला ॲम्प्लिफायर लागतो, आणि साधासुधा नाही.

तो ॲम्प्लिफायर कसा झाला ती एक वेगळीच कथा. आतली मशिनरी नांदेडच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं जोडून दिली, पंधरा इंची स्पीकर दादानं सिकंदराबादहूनच आणला, आणि खोकं लातुरातल्या सुतारानं बनवलं. त्या सुतारानं जन्मभर कपाटं केलेली. त्यामुळं खोक्याला पाठीमागून दार, दाराला कडी आणि कडीला कुलूप लावायची सोय झाली. रंगही कपाटाचाच, गर्द चॉकलेटी. आम्ही त्याला डबा म्हणायचो. मायनं आपल्या दोन जुन्या लुगड्यांचा त्याला अंगरखा शिवला होता, धूळ जाऊ नये म्हणून. कार्यक्रमाहून आलं की दादा आधी डबा उघडायचा, सायकलच्या पंपानं आतली धूळ उडवायचा, एकेक तार कोरड्या फडक्यानं पुसायचा, मग स्वतः हातपाय धुवायचा. माय म्हणायची, “लेकराचं पन कुनी एवढं करत न्हाई.”

तरी त्याचं वाजवणं काय असतं हे घरात कुणाला उमगत नव्हतं. एकदा मायनं सरळच विचारलं, “सुद्या, तू वाजवतूस तवा नक्की व्हतं काय रं?”

“मी वाजवतो तवा न्हाई कळत, माय. मी थांबलो की कळतं.”

“मंग थांब की, बघू.”

तालीम चालू होती. दादा दोन ओळी वाजवून थांबला. माय तांदूळ निवडत मान वाकडी करून ऐकत राहिली आणि म्हणाली, “काय बी न्हाई कळलं बाबा.” आम्ही सगळे खो खो हसलो. दादाही हसला, पण जरा उशिरा. मला वाटतं त्याच्या मनाला ते लागलं होतं. सगळ्यांत पुढं उभं राहून वाजवणाऱ्याला टाळी मिळते, ढोलकीवाल्याला तर नोटासुद्धा ओवाळतात, आणि ह्यानं निवडलं होतं ते असं वाद्य की जे आहे हे सांगण्यासाठी बंद करून दाखवावं लागतं.

पहिले दोन हंगाम मात्र चांगले गेले. तिसरा आला तो कोरडा.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. दुकानांच्या पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खरवडून त्यावर ‘जि. लातूर’ रंगवलेलं, आणि खालची जुनी अक्षरं पावसानं धुऊन वर येतील अशी धास्ती रंगाऱ्यांना असायची. ती धास्ती त्या साली फुकट गेली, कारण पाऊसच आला नाही. नवी कचेरी, नवे साहेब, नव्या जीपा, नोकरभरतीच्या बाता, सगळं होतं. नळाला तेवढं पाणी नव्हतं. आमच्या गल्लीत टँकर आला की बायका पदर खोचून धावायच्या आणि भांडणात एकमेकींची सात पिढ्यांची कुंडली मांडायच्या. मीही भांडलेय. माझा गाता गळा तिथं फार कामाला आला.

अशा सालात दादाला तारा उकळायच्या होत्या. बेसच्या तारा महाग आणि लातुरात मिळायच्याही नाहीत. वापरून वापरून त्या मळकट, मुक्या झाल्या की काढून पातेल्यात उकळायच्या, पुसून परत चढवायच्या, मग महिनाभर पुन्हा बोलतात. सिकंदराबादच्या त्या माणसानं शिकवलेली ही युक्ती. मायनं पातेलं हिसकावून घेतलं. “लोकाच्या घरात डाळ शिजायला पानी न्हाई आन् तू तारा शिजवून राहिलास?” शेवटी तोड निघाली ती अशी की तारा उकळलेलं पाणी गार करून मोरीत भांडी घासायला वापरायचं, तिथून ते शेळीच्या गोठ्यातल्या लिंबाच्या रोपाला. ते रोप त्या उन्हाळ्यात जगलं. त्याला लोखंडाचा अंश मिळाला असेल, कोण जाणे.

कोरड्या हवेनं गिटारही आजारी पडली. लाकूड आक्रसलं, मानेवरच्या पितळी पट्ट्यांची टोकं कडेनं बाहेर आली आणि दादाच्या तळहाताला ओरखडे काढू लागली. तो रोज रात्रीची एक ओली चिंधी साबणाच्या डबीत घालून गिटारीजवळ गोधडीत ठेवायचा. तेवढा ओलावा तिला पुरायचा म्हणे. मी त्याला चिडवायचे, “वैनी आणली असतीस तर तिचे एवढे लाड केले असतेस का?” तो म्हणायचा, “वैनी टँकरच्या लाइनीला तरी उभी ऱ्हायली असती.”

खरी अडचण जीपमध्ये होती. त्या साली गावोगावी पाण्याचे एवढे वांधे की पार्टीनं पाणी मागायचं म्हणजे शरमेची गोष्ट. मास्तरांनी ठरवलं, आपलं प्यायचं पाणी आपण न्यायचं. त्यासाठी एक लोखंडी ड्रम केला. आता जीप एकच, माणसं सात, पेटी, ढोलकी, खंजिरी, आणि मागं जागा एकाच मोठ्या वस्तूची. डबा टपावर बांधला की खड्ड्यांनी त्याच्या आतल्या तारा निखळायच्या. दोन-तीन कार्यक्रम ड्रम टपावर नेला, तर निम्मं पाणी रस्त्यावर सांडलं आणि सगळे दादावर वैतागले.

मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, पण मी ऐकलंच. “सुधाकर, हे बघ. मला सूर कळतो, मला ते लागतं. पर लोकायला लागतं का? या हंगामात बघू. कुनी एकानं जरी म्हनलं की त्या जाड आवाजाबिगर मजा न्हाई, तर डबा माझ्या मांडीवर घेऊन बसंन. न्हाईतर पुढच्या साली ड्रमच.” दादानं नुसती मान हलवली. तेव्हापासून तो कार्यक्रमात लोकांचे चेहरे बघून वाजवायला लागला, आणि चेहरे बघून वाजवणाऱ्याचं वाजवणं बिघडतं हे मला आता कळतं.

अहमदपूरच्या पुढचं ते गाव, रस्ता सोडून आत. तिथं आम्ही आधीच्या दोन्ही साली गेलो होतो. ऊन उतरताना पोचलो. विहाराच्या समोर मांडव, निळ्या पताका, पोरींनी काढलेली रांगोळी. माइकचा सेट मोटारीच्या बॅटरीवर चालायचा, त्याचं काही नव्हतं. डबा मात्र विजेवर, आणि विजेवर म्हटलं की अर्थिंग लागतं. म्हणजे डब्यापासून एक तार काढायची, ती पहारीला गुंडाळायची, पहार जमिनीत ठोकायची आणि बुडाशी पाणी ओतायचं. जमीन ओली असली की मशिनीतली गळकी वीज तिच्यात जिरते. नसली की डबा घूंऽऽ करत राहतो आणि गिटारीला हात लावला की झिणझिण्या येतात; ओठ माइकला लागला तर ठिणगीच. एरवी आम्ही तांब्याभर पाणी ओतायचो आणि विसरून जायचो. त्या गावात पहार ठोकली तर ती दगडात मारल्यासारखी वाजली. ड्रममधलं पाणी तांब्यानं ओतलं, ते जमिनीनं कधी पिऊन टाकलं कळलंसुद्धा नाही. डबा घुमतच राहिला. दादानं तारेला बोट लावलं आणि हात झटकला.

गावातला वायरमन म्हणाला, “तांब्यानं काय व्हनार? चार घागरी ओता, मंग धरंल.”

चार घागरी. मांडवात बसलेल्या बायका विहिरीच्या तळाशी वाट्यांनी पाणी भरत होत्या, हे आम्ही येतानाच पाहिलं होतं. मास्तरांनी दादाकडं पाहिलं. तेवढ्यात बायकांतून एक म्हातारी उठली, गेली, आणि डोक्यावर कळशी घेऊन आली. काटकुळी बाई, पांढरं लुगडं. ती सरळ पहारीपाशी आली आणि कळशी कलती करू लागली.

दादानं धावत जाऊन कळशीच धरली. “न्हाई आजी, न्हाई! पानी सांडू नका. लागत न्हाई आपल्याला.”

म्हातारी ऐकेना. ती कळशी ओढू लागली, तो धरून राहिला. तिनं डब्याकडं हात केला, पहारीकडं केला. दादानं हात जोडले, तिच्या पाया पडला आणि कळशी तिच्या पायापाशी ठेवली. मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, “गुनाचं लेकरू हाय.” मलाही त्या क्षणी दादाचा फार अभिमान वाटला. म्हातारीच्या दिलदारपणाचंही कौतुक वाटलं. दादानं डब्याची वायर काढून टाकली आणि गिटार गळ्यात अडकवली.

पूर्ण कार्यक्रमभर तो ती मुकी गिटार वाजवत राहिला. स्टेजवर हात बांधून उभं राहणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. बोटं बरोबर पडत होती, मान डोलत होती, आवाज शून्य. म्हातारी डब्याला टेकून बसली होती, कळशी जवळ घेऊन. आम्हाला वाटलं, पाणी राखत बसलीय. मी गात होते आणि माझी गत काय सांगू? पायाखालची फळी काढून घेतल्यासारखं झालं. सम कुठं येते ते कळत होतं, पण सम आल्यावर टेकायला काही नव्हतं. दोनदा सूर चढला. ढोलकीवाला माझ्याकडं बघायला लागला. लोक मात्र खूश. शिट्ट्या, टाळ्या, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. निघताना सरपंचांनी मास्तरांना मिठी मारली, “यंदा लईच झकास झालं, मागच्यापेक्षा भारी!”

मास्तर खाली मान घालून जीपमध्ये बसले. त्यांना काही बोलावं लागलं नाही.

परतीच्या वाटेवर मी दादाला म्हणाले, “तू नव्हतास तर मला गाता आलं नाही रे.” तो बाहेर बघत म्हणाला, “भैन हायस म्हनून म्हनतीस.” मी शपथ घेतली. मास्तरांना सांगितलं, ढोलकीवाल्यालाही सांगायला लावलं. काही उपयोग झाला नाही. आम्ही पार्टीतले. त्याला मांडवातलं एक माणूस हवं होतं, आणि मांडवात तसं माणूस नव्हतं, असं त्याचं कायमचं ठरून गेलं.

त्या पावसाळ्यात नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत त्याला नोकरी लागली. टँकरच्या खेपा वाटून देण्याचं खातं. मायनं गल्लीत पेढे वाटले. पुढच्या साली पार्टी त्याच्याशिवाय गेली, आणि त्याच्या पुढच्या साली मलाही नांदेडच्या शाळेची ऑर्डर आली. गिटार त्यानं विकली नाही, वाजवलीही नाही. तो निवृत्त झाला तेव्हा मी हळूच विषय काढला होता. “आता लोकांचे कान फुटायच्या वेळेला मी बेस वाजवू?” एवढं म्हणून त्यानं चहा मागवला. त्याच्या आयुष्यात वाईट काही झालं नाही. मुलं शिकली, घर झालं. पण मिरवणूक आली की तो आतल्या खोलीत जातो, हे वैनीनं मला सांगितलंय, आणि ते ऐकल्यापासून माझ्याच्यानं एप्रिल धड साजरा होत नाही.

यंदा आमच्या इथल्या विहारात बायकांचा कार्यक्रम होता. मला आग्रहानं गायला लावलं. गळा आता फाटलाय, तरी गायले. संपल्यावर एक नर्सबाई जवळ आली, पन्नाशीची असेल. “मॅडम, तुमी लातूरच्या पार्टीत व्हता का? मास्तराच्या?” मी हो म्हटलं. तिनं गावाचं नाव सांगितलं. ते अहमदपूरच्या पुढचंच गाव.

“आमच्या आजीची लई आवडती पार्टी. आजी कानानं पार गेलेली, मॅडम. ढोल कानाशी वाजवला तरी ऐकू यायचं न्हाई. तुमच्यात एक चॉकलेटी खोकं असायचं ना? त्याला हात लावून बसायची. म्हनायची, हीच एक पार्टी मला ऐकू येते.”

मी तिचा हात धरला. विचारायची हिंमत होत नव्हती, पण तीच सांगत गेली. त्या साली कुणीतरी आजीला खुणेनं समजावलं होतं की पाणी ओतल्याशिवाय खोकं वाजणार नाही. म्हणून तिनं घरातली भरलेली एकच कळशी उचलली होती. “पाहुन्यानं ती ओतू दिली न्हाई. सगळे त्याचं नाव काढत व्हते. आजी मातुर घरी येऊन भिताडाला टेकून बसली. म्हनली, खोक्याला हात लावला, काय बी आलं न्हाई. आता हात बी बहिरे झाले माझे.”

मला तिथंच रडू कोसळलं. ती बिचारी घाबरली, पाणी आणायला धावली.

घरी येऊन दादाला फोन केला. सांगावं की नाही, असा विचार मी रिक्षात केला होता. पण चाळीस वर्षं ज्या एका माणसाची त्यानं वाट पाहिली, ते माणूस होतं, हे त्याच्यापासून लपवून ठेवणारी मी कोण? सगळं सांगितलं. कळशी, हात, सगळं.

मग त्यानं विचारलं, “पुढच्या साली आली व्हती का गं ती?”

ते मी नर्सबाईला विचारून घेतलं होतं. “आली होती. स्टेजच्या मागंपुढं हुडकलं म्हणे तिनं. मग पहिलं गाणं संपायच्या आत उठून घरी गेली.”

“बरं,” दादा म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, “बरं.” आणि फोन ठेवायचं विसरून तो आतल्या खोलीत गेल्याची पावलं मला ऐकू आली.